सुई दोन बोटं वर गेली तर

लस घ्यायला माणूस दंड पुढे करतो. सुई जिथे टोचायची त्याच्या जरा वर टोचली जाते. दोन दिवसांत उतरेल म्हणून अंगावर काढलेली ठणक महिनाभर उतरत नाही आणि मग हात खांद्याच्या वर जायचाच थांबतो. याची भरपाई कुणी द्यायची?

अमेरिकेच्या कायद्यात या प्रश्नाचं उत्तर छापील आहे. सरकारच्या ताब्यातल्या एका निधीतून द्यायची. टोचणाऱ्याची चूक दाखवून द्या, असंही तो कायदा म्हणत नाही. मला हे उत्तर बरोबर वाटतं, आणि ते पुसून टाकायचा तिथे जो प्रयत्न झाला तो सपशेल चुकीचा वाटतो.

आधी एक सांगून टाकतो. हा लेख लशीविरुद्ध नाही. लस घ्या, मुलांना द्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आग्रहाने द्या. अमेरिकी सरकारच्याच हिशेबाने सगळ्या प्रकारच्या इजा धरल्या तरी दर दहा लाख डोसमागे साधारण एका माणसाला भरपाई मिळते. लशीने वाचलेल्या जिवांसमोर हा आकडा नगण्य आहे. पण तो एक माणूस नगण्य नाही. तो रांगेत उभा राहिला तो स्वतःसाठी आणि आपल्या सगळ्यांसाठी. त्याचा खांदा धरला तर त्याला वाऱ्यावर सोडायचा अधिकार आपल्याला नाही.

खांद्यात नेमकं होतं काय? दंडाच्या वरच्या भागात डेल्टॉइड नावाचा जाड, त्रिकोणी स्नायू असतो. खांद्याच्या टोकाशी बोटाला लागतं ते हाड चाचपायचं आणि तिथून दोन-तीन बोटं खाली, स्नायूच्या भरीव भागात सुई घालायची, हा साधा नियम. त्याच्या वर गेलं की स्नायू पातळ, आणि त्याच्या लगेच आत सांध्याला वंगण पुरवणारी नाजूक पिशवी, बर्सा. लशीचं कामच शरीराची प्रतिकारशक्ती चेतवण्याचं. ती स्नायूत चेतली तर दंड दोन दिवस दुखून मोकळा होतो. सांध्याजवळ चेतली तर सूज तिथेच मुक्काम ठोकते. मग पाठीमागे हात नेऊन ब्लाउजचा हुक लावता येत नाही, केस विंचरता येत नाहीत, फळीवरचा डबा काढता येत नाही. त्या कुशीवर झोपणं तर विसरायचंच. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिथले वकील आणि डॉक्टर या दुखण्याला सिर्वा म्हणतात.

सुई वर जाते कशी, हे आपल्याकडच्या कुठल्याही लसीकरणाच्या टेबलाशी दहा मिनिटं उभं राहिलं तर दिसतं.

"ताई, बाही वर घ्या."

"वर जात नाही हो सिस्टर, घट्ट आहे."

"मग गळ्याकडून खाली सरकवा जरा."

गळ्याकडून ब्लाउज सरकवला की उघडा पडतो तो खांदा, दंड नाही. सिस्टर उभी, बाई स्टुलावर बसलेली, मागे रांग. उभ्या माणसाचा हात साहजिकच वर पडतो. अमेरिकेतल्या औषध दुकानांत हाच प्रकार पूर्ण बाहीच्या शर्टांच्या बाबतीत होतो. शर्ट काढायचा कंटाळा, म्हणून कॉलर खाली ओढायची. त्यात सुईच्या लांबीचा प्रश्न वेगळा. किडकिडीत आजीला आणि धिप्पाड गड्याला एकाच लांबीची सुई चालत नाही, पण गर्दीत हातात येते तीच वापरली जाते. टोचणाऱ्याने बसायचं, घेणाऱ्याने बसायचं, दंड पूर्ण उघडा करायचा. एवढं केलं तरी यातल्या बऱ्याच इजा टळतील.

आता कायद्याकडे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकल्याच्या त्रिगुणी लशीवरून कंपन्यांवर खटल्यांची रांग लागली. एकेक कंपनी लशीच्या धंद्यातून अंग काढून घेऊ लागली आणि लशीचाच तुटवडा पडायची वेळ आली. त्यावर १९८६ मध्ये संसदेने कायदा केला, रोनाल्ड रेगन यांनी नोव्हेंबरमध्ये त्यावर सही केली आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून भरपाईची योजना सुरू झाली. सौदा सरळ होता. लस बनवणाऱ्यावर आणि टोचणाऱ्यावर थेट दावा लावायचा नाही, आधी या योजनेकडे यायचं. त्या बदल्यात प्रत्येक डोसवर, तो जितक्या रोगांपासून वाचवतो तितक्यांदा ७५ सेंट कर. फ्लूच्या लशीवर ७५ सेंट. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीवर सव्वादोन डॉलर. त्या पैशांतून निधी. आजवर या योजनेतून ५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली गेली आहे.

दावा वॉशिंग्टनच्या फेडरल क्लेम्स न्यायालयात लागतो. ऐकतात ते स्पेशल मास्टर म्हणवले जाणारे न्यायिक अधिकारी. समोर प्रतिवादी कोण? कंपनी नाही, नर्स नाही. देशाचा आरोग्यमंत्री. आणि या कायद्याचा कणा म्हणजे त्यातला तक्ता. अमुक लस, अमुक इजा, अमुक वेळेच्या आत. तुमचं दुखणं तक्त्यात बसलं की ते लशीनेच झालं असं कायदा धरून चालतो. नाही म्हणायचं असेल तर सिद्ध सरकारने करायचं.

आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. वकिलाची फी भरपाईतून कापली जात नाही, निधी ती वेगळी देतो. दावा प्रामाणिक असेल आणि त्याला वाजवी आधार असेल तर हरलेल्याच्या वकिलालाही फी मिळते. इजा मध्यम, रक्कम मध्यम, समोर सरकार. अशा दाव्याला एरवी कुठला चांगला वकील हात लावेल?

कायद्याच्या नावातच बालकांच्या लशी आहेत. पण २००५ मध्ये फ्लूची लस त्यात आली, ती दर हिवाळ्याआधी कोट्यवधी मोठी माणसं घेतात आणि मोठ्यांना ती दंडातच टोचतात. लहान मुलांसाठी बांधलेल्या या दारात मोठ्यांचे खांदे येऊन उभे राहिले. अलीकडच्या वर्षांत दाखल होणाऱ्या अर्जांत निम्म्याच्या आसपास अर्ज खांद्याचे असतात.

हा रोग ओळखला कुणी, तेही पाहा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी लशीनंतर खांदा धरलेल्या दोन रुग्णांची नोंद छापली. मग २०१० मध्ये या भरपाई योजनेतल्याच सरकारी डॉक्टरांनी आपल्याकडे आलेले १३ अर्ज शेजारी शेजारी ठेवून वाचले. आधी खांद्याचं काही दुखणं नाही, बहुतेकांना चोवीस तासांच्या आत वेदना सुरू, जवळजवळ निम्म्यांचं म्हणणं की सुई फार वर टोचली. दाव्यांच्या फायलींतून एक दुखणं उजेडात आलं. २०११ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने पुरावे तपासून, टोचण्यामुळे दंडाच्या त्या पिशवीला सूज येते हे मान्य केलं. मार्च २०१७ पासून सिर्वा अधिकृतपणे तक्त्यात आलं.

तक्त्याच्या अटी चार. त्या खांद्याला आधी दुखणं नको. वेदना ४८ तासांच्या आत सुरू झालेल्या हव्यात. वेदना आणि हालचालीची अडचण त्याच खांद्यापुरती हवी. आणि त्याचं दुसरं कुठलं कारण दिसायला नको. याशिवाय परिणाम सहा महिन्यांहून अधिक टिकलेला हवा, किंवा त्यापायी रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली हवी. दावा पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांच्या आत.

आता सांगा, लस घेतल्यावर ४८ तासांच्या आत दंड दुखतो म्हणून कोण डॉक्टरकडे जातं? लस दुखतेच, असं आपणच एकमेकांना सांगतो. माणूस गोळी घेतो, शेक घेतो, आठवडा जातो, महिना जातो. डॉक्टरच्या कागदावर पहिली नोंद पडते तिसऱ्या महिन्यात. वाचायला मिळतात त्या निकालांत स्पेशल मास्टरांनी ही मानवी रीत ओळखलेली दिसते. दुखणं आपोआप बरं होईल म्हणून लोक थांबतात, तेवढ्यावरून त्यांना खोटं ठरवता येत नाही, हे ते पुन्हा पुन्हा लिहितात. उशिराच्या त्या कागदावर "फ्लूची लस घेतल्यापासून दुखतंय" एवढं वाक्य असलं तरी त्याला वजन दिलं जातं.

दुसरा घोळ डाव्या-उजव्याचा. बाईचा उजवा खांदा धरलेला, पण दुकानाच्या कागदावर लस डाव्या दंडात. कारण संगणकात टोचण्याची जागा डावा दंड अशी आधीच भरलेली असते आणि घाईत ती कुणी बदलत नाही. सरकारी वकील त्या कागदावर बोट ठेवतो. अशा प्रकरणांत अनेकदा त्या एका खुणेपेक्षा नंतरच्या डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपीच्या सगळ्या नोंदी एकत्र वाचल्या जातात, आणि माणसाचं म्हणणं खरं मानलं जातं. एका बाईचा खांदा आणि संगणकातली आयती भरलेली खूण, यात खांद्याचं ऐकणारं न्यायालय मला आवडतं.

सगळेच जिंकतात असं नाही. दुखणं मानेतून उतरलेलं निघालं, किंवा सहा महिने टिकल्याचा कागद नसला, तर अर्ज फेटाळला जातो. ते योग्यच आहे. निधी लोकांच्या पैशांचा आहे.

आणि मग जुलै २०२० मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने सिर्वा तक्त्यातून काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. युक्तिवाद असा की ही इजा लशीची नाही, सुईची आहे. टोचणाऱ्याच्या हलगर्जीपणाचा बोजा लशीच्या निधीवर कशाला? ज्याला भरपाई हवी त्याने टोचणाऱ्यावर दावा लावावा. हा नियम जानेवारी २०२१ मध्ये, सत्ताबदलाच्या अगदी तोंडावर पक्का झाला. नव्या सरकारने आधी त्याची अंमलबजावणी रोखली आणि एप्रिलमध्ये तो मागे घेतला. तो एक दिवसही अमलात आला नाही, ही चांगली गोष्ट.

लस बाटलीतून आपोआप अंगात जात नाही. दंडात घ्यायच्या लशीत सुई आलीच. घेणाऱ्याला जागा निवडता येत नाही, सुईची लांबी निवडता येत नाही, टोचणाऱ्याचं प्रशिक्षण तपासता येत नाही. तो फक्त दंड पुढे करू शकतो. त्याला नंतर सांगायचं, की तुझ्या दुखण्याचं मूळ बाटलीत नसून सुईत होतं म्हणून तुझं दार वेगळं. आणि त्या दारात हलगर्जीपणा सिद्ध कर, तज्ज्ञ आण, स्वतःच्या खिशातून खर्च कर. अशा दाव्यांत उद्या कोपऱ्यावरच्या दुकानातला फार्मसिस्ट आणि गावच्या दवाखान्यातली नर्स खेचली गेली तर ते टोचणंच बंद करतील. १९८६ मध्ये कंपन्यांचं जे होत होतं, तेच टोचणाऱ्यांचं होईल. प्रशिक्षण हवं, हे खात्याचं म्हणणं खरंच आहे. ते खात्याने द्यावं. प्रशिक्षणाची उणीव ज्याच्या खांद्यावर निघाली त्याची भरपाई काढून घेणं हा त्यावरचा इलाज कसा होईल?

तिथली व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. वेदनेच्या भरपाईची कमाल मर्यादा १९८६ मध्ये अडीच लाख डॉलर ठरली आणि महागाई कितीही वाढली तरी तिथेच खिळून आहे. मृत्यूची रक्कमही तेवढीच. कायदा स्पेशल मास्टर आठांपेक्षा जास्त नेमू देत नाही, त्यामुळे अर्ज वर्षानुवर्षं रेंगाळतात. आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी २०२५ मध्ये ही योजना सुधारण्याची घोषणा केली. लशींवरच संशय घेत आलेल्या माणसाच्या हातून ती सुधारेल यावर माझा भरवसा नाही. मर्यादा वाढवायची आणि मास्टर वाढवायचे, तर ते संसदेने करायचं काम आहे.

पण सगळ्यांत मोठा अन्याय कोविडच्या लशीचा. ती या योजनेत घातलीच नाही, आणीबाणीच्या वेगळ्या योजनेत ठेवली. तिथे अर्ज लस घेतल्यापासून एका वर्षात करायचा. वेदनेची भरपाई नाही. वकिलाची फी नाही. न्यायालय नाही, खात्यातलेच अधिकारी ठरवणार. अर्ज हजारोंनी आले आणि पैसे मिळालेले मोजके. तिथे शरद ऋतूत फ्लूची आणि कोविडची लस एकाच भेटीत देतात, एक या दंडात आणि एक त्या. टोचणारी तीच, चूक तीच, दोन्ही खांदे धरले, तर एका खांद्याला न्यायालय आणि दुसऱ्याला खात्याचं पत्र. हे कुठल्याच तर्काने समर्थनीय नाही.

तिथे आपली माणसंही भरपूर. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-बाबांना पहिल्याच महिन्यात सून औषध दुकानात नेऊन फ्लूची लस टोचून आणते, आणि चांगलंच करते. त्या आईचा खांदा धरला तर ती परत येईपर्यंत सोसते आणि इथे पुण्यात किंवा साताऱ्यात आल्यावर "हवामान मानवलं नाही" म्हणते. अमेरिकेत टोचलेल्या लशीसाठी तिथलं नागरिक असण्याची अट कायद्यात नाही. कुठल्या हाताला टोचलं, दुखायला कधी लागलं, हे डॉक्टरच्या कागदावर लवकर चढवून घ्या, दुकानाची पावती जपा. हे त्या घरांतल्या मुलांनी लक्षात ठेवायला हवं.

इंग्लंडची गोष्ट दोन ओळींत. तिथे १९७९ पासून कायदा आहे, आता एकरकमी १ लाख २० हजार पौंड मिळतात. पण अपंगत्व ६० टक्के हवं. धरलेला खांदा तिथपर्यंत पोचणं जवळपास अशक्य.

आपल्याकडे काय? औषधाच्या चाचणीत भाग घेतलेल्याला इजा झाली तर भरपाई द्यायची, हे २०१९ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. चाचणी संपून तीच लस सरकारी कार्यक्रमात आली, की टोचून घेणाऱ्यासाठी तसा तक्ता नाही. ग्राहक आयोगात जावं म्हटलं, तर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणताना सर्वांना मोफत मिळणारी सेवा बाहेर ठेवली. सरकारी लस मोफत, म्हणून ते दार बंद. उरतं दिवाणी न्यायालय. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोविड लशीनंतरच्या मृत्यूंच्या प्रकरणात केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला हेच सांगितलं होतं, की सरकार जबाबदार नाही, दिवाणी न्यायालयात जा. मूल गमावलेल्या आईबापांना जिथे हे उत्तर मिळालं, तिथे खांद्याचं कोण विचारतो!

लशीनंतरच्या त्रासाची चौकशी करणाऱ्या समित्या आपल्याकडे जिल्ह्यापासून देशापर्यंत आहेत. त्यांच्या वर्गीकरणात लस देताना झालेल्या चुकीचा स्वतंत्र वर्गही आहे. म्हणजे अशी इजा होते हे सरकारला माहीत आहे. त्या वर्गापुढे पैशाचा रकाना तेवढा नाही. आणि चूक नोंदली गेली तर पहिली कारणे दाखवा नोटीस जाणार ती एएनएम सिस्टरला, जिने सकाळपासून शंभरभर जणांना टोचलेलं असतं. तिने कशाला म्हणून नोंद करावी? चूक कुणाची हे न विचारता भरपाई देणारा कायदा खांदा धरलेल्या बाईइतकाच या सिस्टरसाठीही हवा आहे. तिची नोकरी पणाला लागणार नसेल तर ती खरं सांगेल.

राज्य सरकारने सुरुवात खांद्यापासून करावी. खर्च थोडा, वाद थोडा, अटी चार ओळींत मावणाऱ्या. गावातल्या बाईला न्यायालय नको, तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे एक अर्ज पुरे, आणि निकाल ठरलेल्या मुदतीत. फिजिओथेरपीचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोसलेल्या वेदनेचे काही पैसे. आणि त्याआधी, उद्यापासूनच, लसीकरणाच्या प्रत्येक कार्डावर डावा की उजवा, किती वाजता, हे दोन रकाने. कोविडच्या प्रमाणपत्रावर लशीचं नाव होतं, तारीख होती, टोचणाऱ्याचं नाव होतं, पंतप्रधानांचा फोटोही होता. हात कुठला, हे लिहायला जागा नव्हती.